सर्वोत्तम पाच

क्लबला पन्नास वर्षं झाली, म्हणून समितीने मला, जुन्या कोचला, बास्केटबॉल संघाचे आजवरचे सर्वोत्तम पाच खेळाडू क्रमाने निवडायला सांगितलं. मला डोकं खाजवावं लागलं नाही. माझी कसोटी एकच होती: दुखतंय म्हणून जो कधी बाहेर बसला नाही, तो वर. पहिला नंबर आमच्या कॅप्टनला, लंबूला. पठ्ठ्याने गुडघ्यात इंजेक्शनं घेऊन चार फायनल जिंकून दिल्या होत्या. "कोच, दुखतंय" म्हणणाऱ्या रडतराऊतांना मी बाकावर बसवून ठेवायचो. यादीत त्यांचा प्रश्नच नव्हता.

सत्काराच्या दिवशी मी माइकवर पाचही जणांना पुकारलं. टाळ्या कडाडल्या आणि विरल्या, तरी कोणी वर येईना. स्टेजला चारच पायऱ्या होत्या. लंबू पहिल्या पायरीशी कठडा धरून उभा होता आणि त्याच्यामागे बाकीचे चौघे, कोणी काठीवर, कोणी कुबड्यांवर. शेवटी मागच्या रांगेतून माझे रडतराऊत धावत आले आणि त्यांनी पाचही जणांना उचलून वर आणून खुर्च्यांवर बसवलं.

लंबूच्या गळ्यात हार घालायला मी वाकलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "कोच, आता सांगू का, दुखतंय म्हणून?"