हिंदुरावांची भरगच्च सभा

शहरातली सगळी मैदानं नाकारून सरकारने विरोधकांना अक्कलकोट रोड एमआयडीसीजवळच्या माळावर सभेला परवानगी दिली. रिकाम्या खुर्च्या बघून विरोधकांचे पुढारी हिंदुरावांना आपलं निवडणुकीचं तिकीट जाताना दिसत होतं. तरी ते सरकारवर घसरलेच, तेव्हा त्यांचा माइक बंद पाडायला वरून हुकूम आला आणि अख्ख्या एमआयडीसीची वीज तोडली गेली. यंत्रमाग थांबले, रोजगार बुडालेले कामगार चिडून बाहेर पडले आणि बघता बघता माळ भरला.

"लाईट कुणी घालवली ओ?" कामगारांतल्या मीनाबाई ओरडल्या.

"सरकारनं!" हिंदुराव माइकविनाच ओरडले. त्यांच्या भाषणातल्या पहिल्या खऱ्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला.

सभा संपताच हिंदुरावांनी विजेच्या साहेबांना गुपचूप फोन लावला.

"साहेब, उद्या मोहोळला सभा हाय. तिथली लाईट जरा लवकर घालवा की!"