वरची तार

"थांबा," गुनवोर म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटलं, बोलायला नको होतं.

सगळी व्हायोलिनं थांबली. बोर्येनं गज मांडीवर आपटला. "आता काय? पुन्हा तुझं ते पुस्तक आडवं आलं?"

कुणीतरी खुदकन हसलं. दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून घरी आली की सारा हिवाळा गुनवोर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून संगीताचं शास्त्र शिकत होती. शिकवायला कुणी नाही. वाचनालयातलं एक पुस्तक, आणि फोन. फोन दोन स्वर वाजवायचा, तिनं त्यांच्यातलं अंतर ओळखायचं. आधी सगळे सारखेच वाटायचे. मग कधीतरी कान उघडला. आता तो मिटता येत नव्हता.

"वरच्या तारेवर गांधार चढा लागतोय," ती म्हणाली.

"कुणाचा?" बोर्येनं विचारलं.

समोर हालवार बसला होता. तिचा थोरला भाऊ, या वादकमंडळींचा म्होरक्या. येत्या शुक्रवारी, भर उन्हाळ्याच्या सणाला, फुलापानांनी सजवलेल्या खांबाभोवती अख्खा गाव नाचणार होता, तो त्याच्याच गजावर.

"आपल्याकडे गांधार असाच लागतो," हालवार म्हणाला. "ना कोमल, ना शुद्ध. बाबाही असाच लावायचे. पुस्तकात नसेल ते."

"ऐका!" बोर्येला स्फुरण चढलं. "आता काय बाबांनासुद्धा शिकवणार का, बाई?"

बाबांचा गांधार गुनवोरच्या अंगात मुरलेला होता. तो मधलाच होता, पण दर वेळी त्याच जागी लागायचा. हालवारचा सरकत होता. रोज थोडा, आणि रोज वेगळीकडे. बाकीचे त्याच्यामागे वाजवायचे, म्हणून तेही सरकत होते, आणि कुणालाच पत्ता नव्हता. तिनं एक वाक्य बोलायचा अवकाश, की सगळ्यांना कळलं असतं.

"सांग ना," बोर्ये म्हणाला. "बेसूर कोण आहे? नाव घे."

हालवार तिच्याकडे बघत होता. तो रागावलेला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो घाबरलेला होता.

"मीच," गुनवोर म्हणाली. "माझी तार उतरलीय. मला वाटलं, तुम्ही चढलात."

हशा पिकला. "एवढं शिकून स्वतःची तार लावता येईना!" बोर्ये ओरडला, आणि मंडळी कॉफीकडे वळली.

गुनवोर व्हायोलिन छातीशी धरून बाहेर आली. तळ्यावरून गार वारा येत होता. मागे दार वाजलं. हालवार आपलं व्हायोलिन आणि गज घेऊन आला आणि तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"तुझी तार उतरली नव्हती."

"नाही."

"कधीपासून कळतंय तुला?"

"ईस्टरपासून."

"मला त्याच्या आधीपासून." त्यानं वरची तार बोटानं छेडली. "या कानाला एक स्वर ऐकू येतो. त्या कानाला दुसरा, जरासा वरचा. दोन्ही एकदम. वाटलं, डोकंच फिरलं माझं. विचारणार कुणाला?"

"डॉक्टरला."

"जाईन. शुक्रवार होऊ दे." आतून बोर्येनं त्याला हाक मारली. त्यानं मान वळवली नाही. त्याला ती ऐकूच आली नव्हती. त्यानं व्हायोलिन खांद्याला लावून वरच्या तारेवर बोट ठेवलं. "गुनवोर, त्यातला खरा कुठला?"

ती त्याच्या पुढ्यात उभी राहिली. तारेवरचं त्याचं बोट चिमटीत धरलं आणि केसभर मागे सरकवलं.

"इथे."

त्यानं गज ओढला. स्वर स्वच्छ लागला, अगदी बाबांचा. हालवारच्या चेहऱ्यावर तो ओळखल्याची खूण उमटली नाही.

"इथेच ना?" त्यानं विचारलं, आणि बोट असं दाबून धरलं की नख पांढरंफटक पडलं.