पाहुण्यांचं बटण

"सणाच्या आत बंद पडणार तुझी मालिका," फर्डिनंड म्हणाला. "नाही पडली तर तुझं ते हिरवं मुंडकं घालून क्रुसापासून बेकरीपर्यंत नाचत जातो."

ॲन्सेल्मने लगेच हात पुढे केला. बंद पडली तर तो नाचणार. भुईगावची अख्खी गल्ली क्रुसाच्या पायऱ्यांवर बसली होती, साक्षीदार आणखी कुठून आणायचे?

मालिका अंतराळातली होती. नवीकोरी, दर शनिवारी संध्याकाळी. शूटिंग वसईच्या किल्ल्यात, आणि ॲन्सेल्म त्यात परग्रहावरचा सेनापती. तोंड दिसायचं नाही, शिंगवालं रबरी मुंडकं दिसायचं. पण फेंगडी चाल लपते होय? पोरं त्याला सेनापती म्हणायला लागली. बेकरीवाला लादीवर एक पाव जास्तीचा द्यायला लागला.

तो पाव फर्डिनंडच्या घशात अडकला. चर्चच्या सणाच्या नाटकात वर्षानुवर्षं राजा कोण? फर्डिनंड. पडदा कोण ओढायचा? ॲन्सेल्म, आणि तोसुद्धा मध्येच अडकवायचा. किल्ल्यावर निवड झाली तेव्हा दोघंही रांगेत होते. दिग्दर्शक फर्डिनंडला म्हणाला, तुम्ही फार ॲक्टिंग करता.

पण पैज लावताना फर्डिनंडला आतून गुदगुल्या होत होत्या. कोण काय बघतं ते मोजणाऱ्या कंपनीने त्याच्याच टीव्हीवर एक डबी बसवली होती. सोबत एक रिमोट. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण. टीव्हीसमोर बसलं की आपापलं दाबायचं. आकडे थेट चॅनेलवाल्यांकडे. अशी घरं मोजकीच, आणि कुणाला सांगायचं नाही अशी ताकीद. फर्डिनंडने बायकोला बजावलं, "ग्लोरिया, शनिवारी घरच्या कुणाचंही बटण दाबायचं नाही." झालं. सेनापती मेला.

शनिवार उजाडला. गल्ली ॲन्सेल्मकडे जमली. भिंतीपलीकडून हसणं ऐकू येत होतं आणि फर्डिनंड काळोख्या टीव्हीसमोर एकटा नखं खात होता. पुढच्या शनिवारी ग्लोरियासुद्धा पलीकडे गेली. येताना ॲन्सेल्मच्या बायकोने केलेल्या केकचं कौतुक करत आली.

तेव्हा मात्र फर्डिनंडचं डोकं फिरलं. मालिका मेली पाहिजे हे खरं, पण मरेपर्यंत माणसं ॲन्सेल्मकडे का म्हणून? त्याने हप्त्यांवर भलामोठा टीव्ही आणला. दारातून आत जाईना, म्हणून चौकट काढली. कंपनीचा माणूस येऊन डबी नव्या टीव्हीवर लावून गेला. त्या शनिवारी गल्ली त्याच्याकडे. खुद्द सेनापती खाली चटईवर बसला आणि फर्डिनंड मधल्या खुर्चीत. चहा फिरवत तो प्रत्येकाला सांगायचा, काय फालतू आहे रे ही मालिका. आणि पुढच्या शनिवारी जास्त खुर्च्या मांडायचा.

सणाच्या आदल्या संध्याकाळी ॲन्सेल्म पेढे घेऊन क्रुसापाशी आला. मालिका बंद नव्हती पडली. उलट चॅनेलने तिला बढती दिली होती. शनिवार संध्याकाळ सोडून आता रविवारी सकाळी अकराला, मोठ्या मालिकांच्या रांगेत. नव्या वेळेचा पहिला रविवार कसा जातो ते बघणार आणि मग वर्षभराचं ठरवणार. "वसईकडचे आकडे बघून साहेब खुर्चीतून उठले म्हणे," ॲन्सेल्मने सांगितलं.

फर्डिनंडने ग्लोरियाकडे बघितलं. ती पेढा खात होती.

"तुम्ही घरच्यांचं दाबू नको म्हणालात," ती म्हणाली. "मी नाही दाबलं. पाहुण्यांचं वेगळं बटण असतं. ते मी दाबत होते, डबीत मावतील तितके पाहुणे."

डबीचं गुपित असं सगळ्या गल्लीसमोर फुटलं. कळायला जरा वेळ लागला, पण एकदा कळल्यावर हसणं थांबेना. ॲन्सेल्मने फर्डिनंडचे दोन्ही हात धरले. "फर्डी, माझी मालिका तूच जगवलीस रे. चटईवर बसवून जगवलीस." आणि मग उट्टं काढलं. नाच रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्या सुटल्या. सगळ्या गावाने बघायला पाहिजे. तिथून सगळ्यांनी तडक फर्डिनंडच्या घरी, अकराच्या मालिकेला.

रविवारी मिस्सा सुटली. फर्डिनंडने मुंडकं घातलं. आत घामाचा आणि ॲन्सेल्मच्या केसांच्या तेलाचा वास. लाजेने पाय उचलेनात. कुणीतरी शिट्टी मारली. त्याने एक पाय टाकला, ॲन्सेल्मसारखा फेंगडा. लोक हसले. त्याने शिंगं हलवली, नसलेली तलवार उपसली, एका म्हातारीपुढे गुडघे टेकून पृथ्वीचं राज्य मागितलं. म्हातारीने नाही म्हटलं. मग तो मेला. बेकरीसमोर, चांगला तीनदा मेला, राजा मरायचा तसा. बाया डोळे पुसत होत्या. केळीच्या वाड्यांतून माणसं धावत आली. कुंपणांवर पोरं चढली. असली गर्दी सणाच्या नाटकालाही कधी झाली नव्हती.

तो उठला, मुंडकं काढलं. "पुन्हा, पुन्हा," लोक ओरडत होते. पहिल्या रांगेत ग्लोरिया टाळ्या पिटत होती. डबीचा रिमोट तिच्या हातातच राहिला होता.

टाळी वाजवत नव्हता तो एकटा ॲन्सेल्म. तो गर्दीतून वाट काढत आला आणि हळूच म्हणाला, "फर्डी, बास कर आता. फिटली पैज. अकरा वाजले, तुझ्या घरात कुणीच नाहीये."

फर्डिनंडने त्याच्याकडे बघितलं. मग गर्दीकडे बघितलं. मुंडकं परत डोक्यावर चढवलं, आणि क्रुसापाशी जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली.