ओली कुंडी

हायड्रेंजियाची कुंडी हातात देताना रोपवाटिकेतल्या बाईंनी तिला दोन गोष्टी बजावल्या होत्या. याची पानं विषारी, लहान मुलाच्या तोंडात जाऊ देऊ नका. आणि यानं मान टाकली की लगेच पाणी ओतू नका, आधी मातीत बोट घालून बघा. तहानलेलं आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं. पहिली गोष्ट तिनं काळजावर कोरून घेतली. दुसरी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिली. पाणी घालायचं काम सासऱ्यांचं होतं, आणि नाना कधी चुकत नसत.

आज भर दुपारी ती मागच्या गॅलरीत धावली ती त्या पहिल्या गोष्टीपायीच. चौदा महिन्यांच्या मुलीला काल संध्याकाळपासून ताप होता. सकाळी तो उतरला. पण आता दुसऱ्यांदा उलटी झाली होती, आणि हाक मारली तरी ती डोळे न उघडता नुसती कण्हत होती. नवरा कामासाठी बाहेरगावी. ती स्वतः सकाळपासून पलीकडच्या खोलीत लॅपटॉपसमोर, एक कान पाळण्याकडे लावून. तिची नजर म्हणजे घारीची. घरातलं प्लगचं एकेक भोक तिनं बुजवलं होतं, टेबलाच्या कोपऱ्यांना रबर चिकटवलं होतं. आता फक्त मला झाकण लावायचं राहिलंय, असं नवरा म्हणायचा.

कुंडी सावलीला, उंच स्टुलावर होती. झाड बुटकं, जेमतेम हातभर, पण पांढऱ्या फुलांचे गेंद ओंजळीत मावणार नाहीत एवढे. तिनं एकेक पान उलटून पाहिलं. कुठं दाताची खूण नाही. एकही देठ तुटलेला नाही. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण पडला नाही. शाबूत होती तरी सगळी पानं लुळी पडली होती. आठवडाभर हेच चाललं होतं. तिनं उन्हाला दोष दिला, कुंडी आणखी आत सरकवली, तरी तेच. पाणी घालावं म्हणून तिचा हात कोपऱ्यातल्या मगाकडे गेला. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं मातीत बोट घातलं.

चिखल होता. नुसता चिखल, आणि त्याला कुबट वास. कुंडीखालची ताटली काठोकाठ भरलेली.

तेवढ्यात नाना तांब्या घेऊन आले. आज पाणी राहिलंच बघ, म्हणाले, आणि सावकाश, एक थेंब बाहेर न सांडता, तांब्या रिकामा करून आत गेले. डॉक्टरांना लावायला तिनं फोन काढला, नंबर शोधला, तोवर नाना पुन्हा दारात उभे. हातात भरलेला तांब्या. आज पाणी राहिलंच बघ.

नाना मुलखाचे थट्टेखोर. आत्ता मिशीतल्या मिशीत हसतील म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते हसले नाहीत. वाकून पाणी घालू लागले.

तिला औषधाची बाटली आठवली. नानांनी चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर म्हणून काढली होती. तापाचं औषध तेच पाजत; इतरांना ते बाटलीला हातही लावू देत नसत. वेळा लिहून ठेवू या का, असं तिनं काल विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते की एवढ्या गावाला औषधं दिली, मला चिठ्ठी लागत नाही. तिलाही ते पटलं होतं.

"नाना, पिल्लूला औषध कधी दिलंत?"

नानांनी सदऱ्याच्या खिशातून मापाचं झाकण काढलं. "तेच द्यायला निघालोय. सकाळपासून राहिलंच बघ."

बाटली काल रात्री फोडलेली. त्यातून दोन-तीन मात्रा जायला हव्या होत्या. तिनं आत धावत जाऊन ती उचलली, तर अर्ध्याच्याही खाली गेली होती.

मुलगी खांद्यावर आणि बाटली मुठीत घेऊन ती इस्पितळात पोहोचली. मागोमाग नाना, घरातल्या चपलांवर. डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडात धरली आणि पुढचं काही न विचारता रक्त काढायला लावलं, सलाइनमधून त्या औषधावरचा उतारा सुरू केला. औषध तापाचंच आहे, पण इतकं गेलं तर यकृतावर जातं, एवढंच म्हणाल्या. मग नुसतं बसून राहणं. दिवस कलला तेव्हा मुलीनं डोळे उघडले आणि सुईच्या पट्टीवर रागावून रडली. इतकं गोड रडणं तिनं आजवर ऐकलं नव्हतं. वेळेत आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोन दिवस ठेवू, पण धोका टळलाय.

ती बाहेर आली. बाकावरून नाना उठले. आवाज थेट त्यांच्या जुन्या दवाखान्यातल्या, औषधं देण्याच्या खिडकीमागचा.

"एवढं औषध पाजलं कोणी? नाव सांग मला. ज्याला मापाचं भान नाही त्याच्या हातात बाटली दिलीच कशी तुम्ही?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. सदऱ्याची बटणं एक घर चुकून लागली होती. हे किती दिवसांपासून, तिला सांगता आलं नसतं.

"माझ्याकडून झालं, नाना."

नाना थोडा वेळ धुसफुसले. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. होतं असं पोरी, म्हणाले, पण लक्ष ठेवत जा गं.

तेव्हापासून भेटेल त्याला ती एकच गोष्ट सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुमच्या घरात जे माणूस कधीच चुकत नाही, आणि म्हणून ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, त्याच्याशेजारी आज घटकाभर बसा. सकाळपासून काय काय केलंत, एवढंच विचारा.