झालर

कारखान्याचा एकुलता एक डब्यांचा साचा इतका झिजला होता, की प्रत्येक डब्याच्या कडेला जादा प्लास्टिकची झालर यायची. ती ब्लेडने कापत पाच-सहा बायका दिवसभर बसायच्या. त्यांतली एक, साच्याची देखभाल करायला ठेवलेल्या मिस्त्रीचीच बायको.

शेवटी मिस्त्रीने साचा उघडला. झिजलेल्या कडांवर वेल्डिंगने धातूचा थर चढवला, घासून चकचकीत केला, आणि डबे नव्या साच्यातून पडावेत तसे पडू लागले. मालकाने सगळ्यांदेखत पाठ थोपटली, तसा मिस्त्रीला चेव आला.

"मालक, आता पाच वर्षं या साच्याकडे ढुंकूनही बघायला नको!" त्याने ठोकून दिलं.

संध्याकाळी बायको तोंड पाडूनच घरी आली.

"अहो, आम्हा सगळ्यांना उद्यापासून येऊ नका म्हणाले. कापायला झालरच उरली नाही म्हणे. एवढं जीव तोडून घासायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

मिस्त्रीने ऐसपैस पाय पसरले, चहाचा घोट घेतला.

"अगं, ब्लेड काय, कुणीही चालवतं. तुमच्यासारख्या पन्नास मिळतील. हातात कला असली ना, की मालक स्वतः शोधत येतो."

दुसऱ्या दिवशी मालक खरोखरच त्याला शोधत आला. प्रेमाने खांद्यावर हात ठेवून म्हणाला,



"मिस्त्री, पाच वर्षं म्हणालात ना? मग या आता, पाच वर्षांनी भेटू!"