न बुजवलेली भेग

शिडीवरून पडल्यापासून रंगाऱ्याचं भिंती रंगवणं सुटलं. रिकामं बसवेना, म्हणून माणसं रंगवायला शिकू लागला. आज चित्रकलेच्या बाईंनी खिडकीचा पडदा अर्धा ओढून मंद उजेडात त्याच्या बायकोलाच खुर्चीत बसवलं. दुपारपर्यंत चेहरा झाला, अगदी गुळगुळीत. बाई हसल्या. “काका, भिंत आहे का ही? सगळ्या सुरकुत्यांत लांबी भरून टाकलीत!” तो ओशाळला. चाळीस वर्षांची खोड. भेग दिसली की लांबीचा लगदा भरून ती बुजवायला हात धावायचा. “राहू द्या की,” बायको म्हणाली, “तेवढीच तरुण दिसतेय.” पण त्यानं फडकं घेऊन चित्रातला चेहरा पुसला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “डोळ्याशेजारची ही सुरकुती कधीची?” “धाकटीच्या टायफॉइडची.” “आणि ही कपाळावरची?” “तुम्ही पडलात त्या दिवसाची.” त्यानं बारीक कुंचला उचलला. एका दिवसात अख्खी खोली हातावेगळी करणाऱ्या माणसाला ती एक रेघ उजेड सरेपर्यंत पुरली.