सुधारलेला आकडा

जुन्या हिपॅटायटिसमधून मला यकृताचा कर्करोग झाला, तेव्हा डॉक्टरांनी माझे अहवाल संगणकात भरून अंदाज सांगितला, "सहा महिने." त्या एका आकड्यामुळे माझा मुलगा उन्मेष टोरंटोहून धरमपेठेतल्या घरी आला आणि दोन्ही वेळा माझ्या शेजारी जेवायला बसू लागला.

गेल्या आठवड्यात उपचारांनंतरचे अहवाल भरले गेले. डॉक्टर हसून म्हणाले, "काकू, आता निदान पाच वर्षे!"

"पुन्हा एकदा पाहा," मी म्हणाले.

"दोनदा पाहिलं, काकू!"

घरी स्वयंपाकाच्या बायजाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. "बाई, तोंड काहून पाडून बसल्या? देवानं पाच वर्षं देल्ली नं तुमाले!"

"पोळी करपते आहे, तिकडे बघा," मी बजावले. उन्मेष तोवर फोनवर विमानाचे तिकीट पाहू लागला होता.

आमच्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. ही शिस्त माझीच. आज बॅग दाराशी ठेवून, वाकून नमस्कार करून तो म्हणाला, "आई, येतो."



"कधी?" असे विचारण्याची पद्धत मात्र मी या घरात कधी पडू दिली नाही.